नागपुरात जी ९.८१ येत नाही: लंबक, स्प्रिंग आणि तार झुलवून मोजमाप कसं करायचं

दरवर्षी फर्स्ट इयरच्या पोरांसोबत लॅबमध्ये बसलो की एक गोष्ट दिसतेच, सिंपल पेंड्युलमचं (साध्या लंबकाचं) जर्नल उघडलं की शेवटच्या ओळीत जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूला मिळणारं त्वरण, = ९८१ असं पेन्सिलने आधीच लिहून ठेवलेलं असतं आणि मग वरचं टेबल त्या आकड्याकडे ढकलत ढकलत भरणं चालू असतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, काहून की ९८१ हा आकडा नागपूरचा नाहीच. जी जागेप्रमाणे बदलतो, विषुववृत्तावर साधारण ९.७८०, ध्रुवावर ९.८३२ आणि पुस्तकातला ९.८१ हा ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचा आकडा. आपलं नागपूर २१ अंशांच्या जरासं वर, समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे जी येतो जवळपास ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे सीजीएसमध्ये (मीटरऐवजी सेंटीमीटर धरून) ९७८.६. ज्या पोराने इमानदारीने ९७८ काढलं आणि मग खोडून ९८१ केलं त्याने बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलं ना.

तर हा लेख नवीन पोरापोरींसाठी, ज्यांना पहिल्यांदा एखादी वस्तू झुलवून त्यातून काहीतरी मोजायचंय. लंबकावर जास्त बोलणार आहे, कारण तो नीट जमला की स्प्रिंग, बार पेंड्युलम, टॉर्शनल पेंड्युलम सगळ्यांत तेच हात तेच डोळे लागतात.

आधी हे समजून घ्या की छोटेच झोके का. गोळा बाजूला नेला की त्याला परत मधे ओढणारं बळ कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतं, आणि कोन छोटा असला तर साइन आणि कोन जवळजवळ सारखेच, मग बळ सरळ कोनाच्या प्रमाणात होतं आणि एका झोक्याचा वेळ झोका किती मोठा यावर अवलंबून राहत नाही. तेव्हाच तो सूत्र चालतो, टाइम पिरियड (एका पूर्ण झोक्याचा वेळ) म्हणजे २ पाय (π) गुणिले लांबी भागिले जी याचं वर्गमूळ. कोन मोठा केला की वेळ वाढतो. ५ अंशाला फक्त ०.०५ टक्के, १० अंशाला ०.१९, पण ३० अंशाला १.७ टक्के, आणि जी काढताना वेळेचा वर्ग होतो म्हणून चूक दुप्पट होते, ३० अंशाला सरळ साडेतीन टक्के गेले. कोनमापक लावायची गरज नाही, दोरा १ मीटर असेल तर गोळा ८-९ सेंटीमीटर बाजूला न्या, ६० सेंटीमीटर असेल तर ५ सेंटीमीटर, तेवढं म्हणजे साधारण ५ अंश.

सामान जमवणे

जड आणि गोल बॉब, म्हणजे दोऱ्याला लटकवायचा गोळा, पितळी किंवा लोखंडी. लाकडी किंवा प्लास्टिकचा घेऊ नका, हवेने लवकर थांबतो. दोरा शिवणकामाचा मजबूत बिनपिळाचा, नायलॉन नको कारण तो वजनाने ताणतो आणि ताणतच राहतो, पतंगाचा मांजा तर अजिबात नको. घरी करत असाल तर किराणा दुकानातलं २०० ग्रॅमचं लोखंडी वजनही चालतं, फक्त त्याचं गुरुत्वमध्य कुठे आहे ते नीट सांगता येत नाही, त्यावर उपाय आहे, पुढे सांगतो. बाकी मीटर स्केल, व्हर्निअर कॅलिपर, स्टॉपवॉच (मोबाईलचं चालतं), ग्राफपेपर, आणि मधून कापलेलं बुच म्हणजे स्प्लिट कॉर्क, ज्याच्या दोन भागांत दोरा धरून ते स्टँडच्या क्लॅम्पमध्ये आवळतात.

या कॉर्ककडे कोणीच लक्ष देत नाही आणि निम्मी गडबड तिथेच असते. दोन अर्ध्या भागांच्या खालच्या कडा अगदी एका पातळीत पाहिजेत, आणि क्लॅम्प घट्ट आवळलेला पाहिजे. एक कडा खाली एक वर असली तर दोरा एकीकडे झुलताना एका जागेवरून वाकतो आणि दुसरीकडे जाताना दुसऱ्या, म्हणजे तुमच्या लंबकाला दोन लांब्या झाल्या. बोटाने कडेवरून हात फिरवून बघा, पायरी लागली की खोला आणि परत बसवा. स्टँडही हलवून बघा, टेबलाच्या कडेला ठेवलेला डुगडुगता स्टँड गोळ्यासोबत स्वतःही झुलतो आणि टाइम पिरियड बदलतो, त्याच्या पायावर दोन जाड वह्या किंवा एखादी वीट ठेवली तरी फरक पडतो.

आणि पंखा बंद. कूलर तर बंदच बंद. मला माहीत आहे मार्च-एप्रिलमध्ये नागपूरच्या लॅबमध्ये पंखा बंद करा म्हणणं म्हणजे काय ते, पण ऐका. मी शिकत असताना एका दुपारी आमच्या टेबलावर गोळा सरळ रेषेत झुलायचं सोडून लंबगोल फिरायला लागायचा, दर वेळी, दहा-पंधरा झोक्यांनंतर. आम्ही तीनदा दोरा बदलला, दोनदा क्लॅम्प. शेवटी लॅबमधल्या असिस्टंट काकांनी काही न बोलता खिडकीतला कूलर बंद केला, आणि आमच्या हातात परत गोळा दिला. पुढचे पन्नास झोके एका रेषेत. पाच मिनिटं घाम गाळा, रीडिंग घ्या, मग लावा परत.

लांबी मोजणे

लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नाही. कॉर्कच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे दोरा अधिक हूक अधिक गोळ्याची त्रिज्या. गोळ्याचा व्यास व्हर्निअरने तीन-चार वेगवेगळ्या बाजूंनी घ्या, झिरो एरर (जबडे पूर्ण बंद असताना दिसणारा आकडा) आधी बघा, मग व्यास अर्धा करा. लांबी नेहमी गोळा लटकलेला असताना मोजा, टेबलावर दोरा पसरून नाही, कारण लटकल्यावर दोरा ताणलेला असतो आणि तुम्हाला तीच लांबी पाहिजे. पावसाळ्यात सुती दोरा ओलाव्याने लांबी बदलतो म्हणून रीडिंगच्या आधी एकदा आणि सगळं झाल्यावर एकदा अशी दोनदा लांबी घेत जा, फरक आला तर सरासरी घ्या आणि फरक जर्नलमध्ये लिहा.

समजा कोणी फक्त दोराच मोजला ९८.२ सेंटीमीटर, आणि हूक व त्रिज्या मिळून १.८ सेंटीमीटर विसरला, तर खरी लांबी १०० असताना त्याचा जी येईल ९.६१. अशी चूक किती मोठी दिसते आणि कारण किती छोटं, बघा.

झोका देणे आणि मोजणे

गोळा ढकलू नका. बोटांच्या चिमटीत धरून बाजूला नेऊन सोडलं तरी बोट जरासं चिकटतं आणि तिरपा धक्का बसतो, मग तो लंबगोल फिरतो. स्केल किंवा पोस्टकार्डाच्या सरळ कडेने गोळा बाजूला अडवून धरा आणि ती कड झटकन सरळ मागे काढून घ्या. सोडल्यावर लगेच घड्याळ सुरू करू नका, पाच-सहा झोके जाऊ द्या, तो स्थिर होतो, तोपर्यंत समोरून नाही तर बाजूने वाकून बघा की एका रेषेत चालला की नाही.

आता घड्याळ कुठे दाबायचं. बहुतेक पोट्टे टोकाला दाबतात कारण तिथे गोळा क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि सोपं वाटतं, पण तेच चुकतं. टोकाला गोळा इतका हळू असतो की नेमका कोणत्या क्षणी फिरला हे डोळ्याला ठरवताच येत नाही, उलट मधल्या जागेवरून तो सगळ्यात वेगाने जातो म्हणून तिथे ओलांडण्याचा क्षण धारदार असतो. गोळा शांत लटकलेला असताना त्याच्या मागे टेबलावर किंवा भिंतीवर खडूने एक उभी रेघ मारा, आणि दोरा त्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे जाताना दाबा. दर वेळी डावीकडून उजवीकडेच. एका झोक्यात गोळा मधून दोनदा जातो, दोन्ही मोजले तर टाइम पिरियड अर्धा येईल आणि जी चौपट, ३९ च्या आसपास. असं उत्तर दिसलं की लगेच कळायला पाहिजे काय झालं.

आणि सुरुवातीला मोठ्याने म्हणा "शून्य". एक नाही, शून्य. घड्याळ दाबलं त्या क्षणी शून्य, पुढच्या वेळी तिथूनच त्याच दिशेने गेला की एक. ही एवढीशी गोष्ट इतकी महाग पडते की मी तुम्हाला आकडाच देतो. २० झोके मोजायचे होते आणि तुम्ही एकपासून सुरू केलं, तर खरे झोके १९ झाले, आणि नागपुरात तुमचा जी येईल १०.८४. उलट खरे झोके २१ होऊन गेले आणि तुम्ही २० च धरले तर ८.८८. हे दोन आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, १०.८४ किंवा ८.८८ दिसला की गणित परत तपासत बसू नका, मोजणी परत करा.

किती झोके मोजायचे? माणसाच्या हातातून घड्याळ चालू-बंद करण्यात साधारण ०.१ सेकंदाचं इकडेतिकडे होतंच, चांगल्या हाताचंही. १ मीटरच्या लंबकाचा एक झोका इथे २.००८५ सेकंदाचा असतो, एकच झोका मोजला तर ०.१ म्हणजे ५ टक्के, जी मध्ये १० टक्के, काही अर्थ नाही. २० झोके म्हणजे ४०.१७ सेकंद, त्यात ०.१ म्हणजे पाव टक्का, जी मध्ये अर्धा टक्का. १०० झोके मोजले तर जी मध्ये फक्त ०.१ टक्का. आता ९.८१ आणि ९.७८६ मधला फरक किती, साधारण ०.२४ टक्के. म्हणजे २० झोक्यांनी तुम्ही नागपूर आणि पुस्तक यात फरक सांगूच शकत नाही, १०० झोक्यांनी सांगू शकता, जर लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नीट असेल. माझ्या मते प्रत्येक नवीन मुलाने जर्नलसाठी २० करावे आणि एकदा तरी स्वतःसाठी १०० करावे, साडेतीन मिनिटंच लागतात. चालू आणि बंद दोन्ही एकाच माणसाने करा, कारण त्याचा उशीर दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो आणि बराचसा कापला जातो. एकाने "हं" म्हणायचं आणि दुसऱ्याने दाबायचं ही पद्धत सोडा.

ग्राफ

एका लांबीवरून जी काढू नका. ६०, ७०, ८०, ९०, १०० अशा पाच लांब्या घ्या, प्रत्येकीला तीनदा वेळ घ्या, मग टाइम पिरियडचा वर्ग उभ्या अक्षावर आणि लांबी आडव्या अक्षावर. सरळ रेषा यायला पाहिजे आणि तिचा स्लोप (उतार) ४ पाय वर्ग भागिले जी, नागपुरात ४.०३ सेकंद वर्ग प्रति मीटरच्या आसपास.

या ग्राफची खरी ताकद कोणी सांगत नाही म्हणून थोडा थांबतो इथे. समजा तुम्ही सगळ्या रीडिंगमध्ये फक्त दोऱ्याची लांबी लिहिली, हूक-त्रिज्या विसरलात, किंवा मुद्दाम सोडलीत कारण तुमच्याकडे किराणा दुकानातलं वजन आहे आणि त्याचा मध्य कुठे ते माहीत नाही. तर सगळे बिंदू डावीकडे सारखेच सरकतात, रेषा सरकते, पण तिचा उतार तोच राहतो! म्हणजे जी तरीही बरोबर येतो. आणि बोनस म्हणजे रेषा मागे वाढवली की ती आडव्या अक्षाला जिथे कापेल, उणे १.८ सेंटीमीटर समजा, तेवढी तुमची विसरलेली लांबी. मला हे पहिल्यांदा ग्राफवर दिसलं तेव्हा मी स्केल ठेवून तीनदा रेषा मागे नेली, आणि नंतर व्हर्निअर घेऊन हूक आणि गोळा मोजला, जुळलं. हे समजलं की लॅबमधलं बरंच काही समजतं, एकेक आकडा परफेक्ट करायच्या मागे लागण्यापेक्षा मापन असं रचायचं की चूक उतारात शिरतच नाही.

रेषा काढताना पहिला आणि शेवटचा बिंदू जोडू नका, पारदर्शक स्केल ठेवून बिंदू दोन्ही बाजूला सारखे पडतील अशी काढा, आणि स्लोपसाठी रेषेवरचे लांबलांबचे दोन बिंदू घ्या, रीडिंगचे नाही.

स्प्रिंग

इथे k म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा काढायचा असतो, आपण त्याला के म्हणू. टाइम पिरियडचा वर्ग म्हणजे ४ पाय वर्ग भागिले के, गुणिले वस्तुमान. पण स्प्रिंगलाही स्वतःचं वजन आहे आणि तीही हलते, वरचं टोक थांबलेलं खालचं पूर्ण वेगात, हिशोब केला की तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश लटकवलेल्या वजनात मिळवावा लागतो. स्प्रिंग ६० ग्रॅमची आणि वजन २०० ग्रॅमचं असेल तर खरं हलणारं वस्तुमान २२०, ते विसरलात तर २० न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग तुम्हाला १८.२ ची दिसेल. पण इथेही ग्राफ वाचवतो, वेगवेगळी वजनं लावून वेळेचा वर्ग आणि वजन यांचा ग्राफ काढा, स्लोपमधून के आणि मागे वाढवलेल्या रेषेतून स्प्रिंगच्या वजनाचा तिसरा भाग. वजनकाट्यावर स्प्रिंग तोलून तीनने भागा आणि बघा.

एक त्रास हमखास येतो, वरखाली हलणारं वजन हळूहळू बाजूला झुलायला लागतं, मग परत वरखाली, मग परत बाजूला. पोरांना वाटतं आपण नीट सोडलं नाही. कधीकधी तसं असतं, पण स्प्रिंग वजनाने तिच्या मूळ लांबीच्या एक तृतीयांशाइतकी ताणली गेली असेल तर वरखालीची गती बाजूच्या झुलण्याच्या बरोबर दुप्पट होते आणि ऊर्जा आपोआप इकडून तिकडे जाते. कितीही जपून सोडा, होणारच. वजन बदला, थांबेल.

बार पेंड्युलम आणि तार

बार पेंड्युलमवर थोडक्यात. १ मीटरची भोकं पाडलेली पट्टी, एकेका भोकातून चाकूच्या धारेवर टांगून वेळ घ्यायचा. मधून टोकाकडे जाताना टाइम पिरियड आधी कमी होतो आणि मग वाढतो, सगळ्यात कमी येतो मध्यापासून साधारण २८.९ सेंटीमीटरवर, १.५३ सेकंदाच्या आसपास, त्या भागात भोकं जवळजवळ असतील तर सगळी घ्या. याच कल्पनेवर हेन्री केटरने १८१७ मध्ये उलटापालटा होणारा लंबक केला, ज्यात गोळ्याचा मध्य शोधायची भानगडच राहिली नाही. पुढे १८६५ पासून आपल्याकडे जीटी सर्व्हेच्या (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांच्या काळातली देशाची मोजणी) लोकांनी लंबक घेऊन देशभर जी मोजला, त्यातले कॅप्टन बसेव्ही १८७१ मध्ये लडाखच्या मोरे पठारावर, १५,००० फुटांहून वर, हेच काम करताना वारले. नागपूरच्या झिरो माइलला गेलात तर तिथला सर्व्हेचा खांब बघा, १९०७ चा, समुद्रसपाटीपासून उंची १०२० फूट आणि वर थोडी, तुमच्या जी च्या आकड्यात ती उंचीही बसलेली आहे.

टॉर्शनल पेंड्युलममध्ये तारेला जड चकती लटकवून पिळायची आणि सोडायची, त्यातून तारेचा मॉड्युलस ऑफ रिजिडिटी, म्हणजे तारेचं द्रव्य पिळायला किती विरोध करतं तो आकडा, निघतो. इथे गंमत अशी की झोका छोटाच पाहिजे असं नाही, कारण पिळाचं बळ कोनाच्या प्रमाणातच असतं, साइनबिइन येत नाही, तार कायमची वाकत नाही तोपर्यंत ९० अंश पिळलं तरी चालतं. मात्र चकती डावीकडे-उजवीकडे लंबकासारखी झुलायला नको, फक्त फिरायला पाहिजे, झुलली तर दोन्ही हातांनी हलकेच थांबवा आणि परत सुरू करा.

खरी परीक्षा तारेच्या जाडीची. सूत्रात त्रिज्येचा चौथा घात आहे. १ मिलिमीटर जाडीची तार आणि स्क्रू गेजमध्ये (जाडी मोजायच्या साधनात) ०.०१ मिलिमीटरची चूक, म्हणजे जाडीत १ टक्का, उत्तरात ४ टक्के. झिरो एरर ०.०३ असून बघितला नाही तर १२ टक्के गेले, मग स्टॉपवॉचवर कितीही जीव काढा. त्यामुळे आधी गेज पूर्ण बंद करून झिरो बघा, रॅचेटनेच (टोकाच्या छोट्या फिरकीने) फिरवा, टकटक आवाज आला की थांबा, तारेवर वर-मध्ये-खाली किमान पाच जागी आणि प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात दोनदा जाडी घ्या, कारण जुनी तार अनेकदा पूर्ण गोल राहिलेली नसते. पोट्टे वेळ मोजायला अर्धा तास देतात आणि जाडीला अर्धा मिनिट, हे उलटं पाहिजे.

शेवटी जर्नल. रिझल्टमध्ये जे आलं तेच लिहा, समोर किती इकडेतिकडे होऊ शकतं तेही लिहा, जसं जी = ९.७७ ± ०.०५, आणि खाली किती झोके मोजले, दोरा कोणता, पंखा बंद होता का, हे दोन ओळींत. व्हायवामध्ये विचारलं की "९.८१ का नाही आलं", तर नागपूरचा अक्षांश आणि उंची सांगा, मग तुमचा ± दाखवा. रीडिंग पहिल्यांदा घेतानाच पेनने लिहा, चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि बाजूला नवीन लिहा, खालचं जुनं वाचता आलं पाहिजे.